जी डिस्क फोनमध्ये नाहीच, तिच्यावर फोन चालतो कसा?

रात्री फोन चार्जिंगला लावला. सकाळी उठून पाहिलं तर स्क्रीनवर मेसेज, ‘अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा’. रीस्टार्ट केला, नेहमीपेक्षा थोडाच जास्त वेळ लागला आणि नवीन अँड्रॉइड सुरू झालं.

दहा-बारा वर्षांपूर्वी असं नव्हतं. अपडेट लावलं की फोन बराच वेळ हातातून जायचा. स्क्रीनवर तो हिरवा रोबोट, खाली सरकणारी पट्टी आणि ‘मध्येच बंद करू नका’ अशी तंबी. काही बिनसलं तर फोन सुरूच होणार नाही, ही धाकधूक वेगळीच.

मग बदललं काय? आता नवीन सिस्टीम जुन्या सिस्टीमवर लगेच लिहिली जातच नाही. तुम्ही रील्स बघत असता तेव्हा ती बाजूला एका वेगळ्याच डिस्कवर तयार होत असते. गंमत म्हणजे फोन उघडून शोधलं तरी ती डिस्क सापडणार नाही, कारण ती फक्त कर्नलच्या वहीत असते.

अशा कागदावरच्या डिस्कना आभासी ब्लॉक डिव्हाइस म्हणतात. त्या तयार करायच्या, बदलायच्या, पुसायच्या तर कर्नलच्या एका छोट्या खिडकीतूनच जावं लागतं. फोनमधला डेटा सुरक्षित राहतो की नाही, यातलं बरंच काही त्या खिडकीवर अवलंबून असतं.

ब्लॉक डिव्हाइस म्हणजे काय?

फोनची मेमरी चिप, लॅपटॉपची एसएसडी, पेन ड्राइव्ह, हे सगळे ब्लॉक डिव्हाइस. म्हणजे यात माहिती ठरावीक मापाच्या तुकड्यांत ठेवली जाते. लिनक्स हा हिशेब ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये करतं. प्रत्येक सेक्टरला नंबर असतो. ‘३,०००वा सेक्टर वाच’, ‘४,०००व्या सेक्टरवर हे लिही’, एवढंच काम अशा डिव्हाइसला करता आलं पाहिजे.

इथेच मेख आहे. वरच्या प्रोग्रॅमला फक्त नंबर सांगायचा असतो आणि त्या नंबरचा डेटा मिळायला हवा असतो. तो चिपमधून आला, फाइलमधून आला की रॅममधून आला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे नंबर घेऊन योग्य डेटा परत देणारं काहीही ‘डिस्क’ म्हणून उभं करता येतं. लिनक्सने नेमकं तेच केलं. आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे.

सातबारा बदलतो, जमीन हलत नाही

लिनक्समध्ये या कामाचा मुख्य कारभारी म्हणजे ‘डिव्हाइस मॅपर’. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स २.६ पासून तो कर्नलचा भाग आहे.

त्याचं काम समजायला सातबारा आठवा. जमीन जिथल्या तिथेच असते. कुठला तुकडा कुणाच्या नावावर, हे कागद ठरवतो. डिव्हाइस मॅपरकडेही असाच एक तक्ता असतो. समजा, तीन एमबीची एक आभासी डिस्क बनवायची आहे. तिच्या तक्त्यात दोनच ओळी पुरतात:

पहिली ओळ: सेक्टर ० पासून २,०४८ सेक्टर. हे खऱ्या डिस्कच्या ४,०९६व्या सेक्टरपासून घ्यायचे.

दुसरी ओळ: सेक्टर २,०४८ पासून पुढचे ४,०९६ सेक्टर. हे खऱ्या डिस्कच्या ८१,९२०व्या सेक्टरपासून घ्यायचे.

आता एखाद्या प्रोग्रॅमने या डिस्कचा ३,०००वा सेक्टर मागितला. कर्नल तक्ता बघतो. ३,००० दुसऱ्या ओळीत बसतो. ३,००० मधून २,०४८ वजा केले, उरले ९५२. ते ८१,९२० मध्ये मिळवले, आले ८२,८७२. खऱ्या डिस्कवरचा तो सेक्टर उचलला आणि दिला. खालच्या जागेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब आहेत, याचा प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये हेच चालतं. पूर्वी सिस्टीमसाठी इतकी जागा, कंपनीच्या भागासाठी तितकी, अशी वाटणी कारखान्यातच कायमची ठरायची. पुढे सिस्टीम मोठी झाली की अपडेट बसायची पंचाईत. आता ‘सुपर’ नावाचा एकच मोठा भूखंड असतो आणि त्याची वाटणी तक्त्यात लिहिलेली असते. वाटणी बदलायची तर तक्ता बदलायचा.

ही खिडकी आहे तरी काय?

पण तक्ता कर्नलच्या मेमरीत असतो आणि साध्या प्रोग्रॅमला तिथे हात घालता येत नाही. मग कर्नलला सांगायचं कसं?

युनिक्सच्या काळापासून डिव्हाइसलाही फाइलसारखंच वागवायची पद्धत आहे. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. पण काही कामं वाचणं-लिहिणं यात बसत नाहीत. ‘हा तक्ता लावून घे’ हे ना वाचन, ना लेखन. अशा कामांसाठी १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एक वेगळी सोय आली, आयऑक्टल. इनपुट-आउटपुट कंट्रोलचं हे लघुरूप. लिनक्सनेही ती उचलली.

सरकारी कार्यालयातल्या खिडकीसारखाच हा प्रकार. प्रोग्रॅम आधी ठरावीक डिव्हाइस फाइल उघडतो, म्हणजे योग्य खिडकीवर जातो. मग कुठलं काम आहे त्याचा नंबर सांगतो आणि सोबत भरलेला अर्ज देतो. कर्नल अर्ज तपासतो आणि एक तर काम करतो, नाहीतर चूक काय झाली त्याचा नंबर परत देतो.

डिव्हाइस मॅपरची अशी एकच खिडकी आहे. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘मॅपर’, त्यात ‘कंट्रोल’ नावाची फाइल. इथल्या अर्जावर सगळ्यात वर आवृत्तीचा नंबर लिहावा लागतो. कर्नलच्या आवृत्तीशी तो जुळला नाही, तर अर्ज पुढे सरकतच नाही. प्रोग्रॅम जुना आणि कर्नल नवा, अशा गोंधळात चुकीचा तक्ता लागू नये म्हणून ही काळजी.

चालत्या गाडीचं चाक बदलायचं कसं?

या खिडकीवरची मुख्य कामं मोजकीच आहेत. डिस्क तयार कर, तक्ता भर, थांबव, पुन्हा सुरू कर, काढून टाक. खरी हुशारी त्यांच्या क्रमात आहे.

‘तयार कर’ म्हटल्यावर फक्त नाव असलेली रिकामी डिस्क मिळते. ‘तक्ता भर’ म्हटलं तरी तो लगेच लागू होत नाही, बाजूला तयार राहतो. फेरफार नोंद झाली तरी मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करेपर्यंत सातबारा बदलत नाही, तसंच हे. ‘सुरू कर’ ही आज्ञा आली की मगच नवा तक्ता चालू होतो.

डिस्क वापरात असताना तक्ता बदलायचा असेल तर आधी ‘थांबव’. आत गेलेली वाचन-लेखनाची कामं पूर्ण होतात, नवी कामं फाटकाबाहेर रांगेत थांबतात. मग नवा तक्ता लागू होतो आणि फाटक उघडतं. वर चाललेल्या प्रोग्रॅमला एवढंच वाटतं की हे वाचन जरा हळू झालं.

सर्व्हरच्या जगात हे रोजचं आहे. लिनक्सवरची एलव्हीएम ही व्यवस्था याच खिडकीतून काम करते. जुन्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर हलवायचा असेल, तर सर्व्हर बंद न करता तो हलवता येतो.

मग रात्रीच्या अपडेटमध्ये नेमकं काय होतं?

अँड्रॉइड ७ मध्ये, म्हणजे २०१६ साली, एक उपाय आला होता. सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायच्या, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’ चालू असताना ‘बी’वर अपडेट लिहायचं आणि रीस्टार्टला ‘बी’वर जायचं. उपाय चांगला, पण दोन प्रती म्हणजे जागाही जास्त. कमी स्टोरेजच्या फोनला हे परवडणारं नव्हतं.

२०२० मध्ये अँड्रॉइड ११ ने दुसरी प्रत आभासी केली. डिव्हाइस मॅपरमध्ये ‘स्नॅपशॉट’ नावाचा प्रकार आहे. त्यात मूळ डिस्कला हात लागत नाही, फक्त बदललेले तुकडे वेगळ्या जागी लिहिले जातात. वाचताना तुकडा बदललेला असेल तर तो नव्या जागेतून येतो, नसेल तर जुन्या जागेतून. दोन्ही मिळून एक अख्खी नवी सिस्टीम दिसते, पण तशी एकसंध प्रत कुठेही नसते.

रीस्टार्ट झाला की फोन या आभासी डिस्कवरून सुरू होतो. नीट सुरू झाला, तर बदललेले तुकडे हळूहळू मूळ जागी उतरवले जातात. नीट सुरू झालाच नाही, तर जुनी सिस्टीम जशीच्या तशी शाबूत असते आणि फोन तिच्यावर परत जातो. तुकडे उतरवायला सुरुवात झाल्यावर मात्र मागे फिरता येत नाही. त्या वेळी बॅटरी संपली, तर पुढच्या वेळी काम राहिलं तिथून सुरू होतं.

यातून दोन रोजच्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. ‘अपडेटसाठी जागा कमी आहे’ असा मेसेज का येतो? कारण हे बदललेले तुकडे ‘सुपर’मध्ये मावले नाहीत, तर तुमचे फोटो-व्हिडिओ ज्या जागेत असतात तिथेच जागा मागतात. आणि अपडेटनंतर थोडा वेळ फोन जड का वाटतो? त्याला बरीच कारणं असतात, त्यातलं एक म्हणजे मागे चाललेली ही उतरवाउतरवी.

कुणी सिस्टीममध्ये गुपचूप बदल केला तर?

डिव्हाइस मॅपरच्या तक्त्यात फक्त पत्ता नसतो, काम कसं करायचं तेही लिहिता येतं. त्यातला एक प्रकार म्हणजे डीएम-व्हेरिटी. २०१२ च्या लिनक्स ३.४ मध्ये तो आला, मुळात क्रोमबुकच्या सिस्टीमसाठी.

समजा, सिस्टीमचा एक भाग ८०० एमबीचा आहे. ४,०९६ बाइटचा एक, असे त्याचे २,०४,८०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढला जातो, ३२ बाइटचा. ४,०९६ बाइटमध्ये असे १२८ ठसे मावतात, म्हणजे सगळे ठसे १,६०० तुकड्यांत बसतात. त्या १,६०० तुकड्यांचेही ठसे काढले की १३ तुकडे होतात. त्यांच्या ठशांचा एकच तुकडा होतो आणि त्याचा एक शेवटचा ठसा. या शेवटच्या ठशाची खातरजमा फोन सुरू होतानाच डिजिटल सहीवरून केली जाते.

आता कुणी ८०० एमबीमधला एक बाइट जरी बदलला, तरी त्याचा ठसा जुळणार नाही. तो जुळवायला वरचा बदलावा लागेल, मग त्याच्या वरचा आणि शेवटी सहीच खोटी करावी लागेल. तपासणी तुकडा वाचताना होते, त्यामुळे फोन सुरू होताना सगळे ८०० एमबी वाचत बसावं लागत नाही.

अँड्रॉइडमध्ये ही सोय ४.४ पासून आहे आणि ७.० पासून ती सक्तीने लागू झाली. ‘तुमचं डिव्हाइस खराब झालं आहे, त्यावर विश्वास ठेवता येणार नाही’ अशा अर्थाची सूचना काही फोनवर सुरू होतानाच दिसते, ती या पडताळणीच्या साखळीतून येते.

फाइलची डिस्क, रॅमची डिस्क

आभासी डिस्कचे आणखी दोन प्रकार रोजच्या वापरात आहेत.

पहिला लूप डिव्हाइस. यात एका साध्या फाइललाच डिस्क म्हणून उभं केलं जातं. उबुंटू असलेल्या लॅपटॉपवर डिस्कची यादी काढली की ‘लूप ०’, ‘लूप १’ अशी रांगच दिसते. व्हायरस आला की काय, म्हणून काही जण घाबरतात. पण ती बहुतेक वेळा स्नॅप पद्धतीने टाकलेली ॲप्स असतात. प्रत्येक ॲप म्हणजे एक दाबून भरलेली फाइल आणि तिची बनलेली डिस्क.

आधी मोकळं लूप डिव्हाइस शोधायला प्रोग्रॅमला एकेक दार ठोठवावं लागायचं. २०११ च्या लिनक्स ३.१ मध्ये ‘लूप-कंट्रोल’ नावाची वेगळी खिडकी आली. ‘मोकळा नंबर दे’ म्हटलं की कर्नल नंबर देतो, नसेल तर नवा बनवून देतो. तरी एक अडचण होती. आधी फाइल जोडायची, मग बाकी माहिती वेगळ्या अर्जाने द्यायची, त्यात वेळ जायचा. अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग लूप डिस्क म्हणूनच उघडतात, त्यामुळे फोन सुरू होताना हा वेळ जाणवण्याजोगा होता. २०२० च्या लिनक्स ५.८ मध्ये ही सगळी कामं एकाच अर्जात करायची सोय आली.

दुसरा प्रकार झेडरॅम. नितीन गुप्ता यांनी लिहिलेला हा भाग २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ सोबत कर्नलमध्ये पक्का झाला. यात डिस्क असते रॅममध्येच. मागे पडलेल्या ॲप्सचा डेटा दाबून लहान केला जातो आणि या डिस्कवर ठेवला जातो, म्हणजे तेवढ्याच रॅममध्ये जास्त ॲप्स मावतात.

झेडरॅमची खिडकी मात्र वेगळी आहे. इथे आयऑक्टलचा अर्ज नाही. कर्नल काही फाइली समोर ठेवतो आणि त्यांत आकडा लिहिला की काम होतं. आधी दाबायची पद्धत लिहायची, मग आकार लिहायचा. एकदा आकार लिहिला की पद्धत बदलता येत नाही. बदलायची तर ‘रीसेट’ करून पहिल्यापासून सुरुवात.

जाहिरातीतल्या ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’शी याची गल्लत करू नये. तो दुसरा ८ जीबी साधारणपणे फोनच्या स्टोरेजमधून घेतलेला असतो. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं, त्यामुळे त्याला खऱ्या रॅमच्या भावात मोजण्यात अर्थ नाही.

खिडकीवर पहारा कुणाचा?

आता खरा मुद्दा. ज्याच्या हातात ही खिडकी, तो सिस्टीमची डिस्क काढून तिथे दुसरी लावू शकतो. व्हेरिटीची तपासणी असलेला तक्ता बाजूला सारून बिनतपासणीचा तक्ता लावू शकतो. म्हणून कर्नल अर्ज वाचायच्या आधी एकच गोष्ट बघतो, समोरच्याकडे प्रशासकाचा विशेष अधिकार आहे का? नसेल तर तिथूनच परत. अँड्रॉइडमध्ये त्यावर एसईलिनक्सचा आणखी एक पहारा असतो. स्टोरेज सांभाळणारे मोजके सिस्टीम प्रोग्रॅम सोडले, तर कुणाला खिडकीपर्यंत जाताच येत नाही. टॉर्चचं ॲप तर नाहीच, पण बँकेचं ॲपही नाही.

पहारा असला तरी खिडकीच्या मागचा कोड माणसांनीच लिहिलेला असतो. २०२१ साली डिव्हाइस मॅपरच्या याच कोडमध्ये एक चूक नोंदवली गेली, सीव्हीई-२०२१-३१९१६. ‘सगळ्या डिस्कची यादी दे’ या साध्या आज्ञेत मर्यादेची तपासणी चुकत होती आणि कर्नल ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहीत होता. त्यातून सिस्टीम कोलमडू शकत होती किंवा कर्नलच्या आतली माहिती बाहेर येऊ शकत होती. लिनक्स ५.१२ मध्ये ती दुरुस्त झाली. गैरफायदा घ्यायला आधी विशेष अधिकार लागायचा, म्हणून धोका मर्यादित राहिला. दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये अशाच चुकांची दुरुस्ती येत असते.

फोन रूट करणं म्हणजे काय, हेही आता लक्षात येईल. ज्या अधिकारावर ही खिडकी उघडते, तो अधिकार मालकाच्या हाती येतो. ज्याला काय करतोय ते कळतं, त्याच्यासाठी ते स्वातंत्र्य आहे. पण तोच अधिकार एखाद्या फसव्या ॲपला दिला गेला, तर कर्नलच्या दृष्टीने ते ॲपही प्रशासकच. अनेक बँकिंग ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात ते यामुळेच.

जुना फोन विकताना

शेवटचा फायदा सगळ्यांच्या कामाचा. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये प्रत्येक फाइल कुलूपबंद करणं सक्तीचं आहे. अँड्रॉइड ११ सोबत आलेल्या फोनमध्ये त्याखाली आणखी एक थर असतो. फाइल किती मोठी, कुठल्या फोल्डरात, ही माहितीही डिव्हाइस मॅपरच्या आभासी डिस्कमधून जाताना कुलूपबंद होते. चिपवर जे उतरतं ते किल्लीशिवाय निव्वळ निरर्थक आकडे.

म्हणून फॅक्टरी रीसेटला तासन्‌तास लागत नाहीत. १२८ जीबीमधला एकेक तुकडा पुसत बसावं लागत नाही, किल्ल्या नष्ट केल्या की काम झालं. चिप तीच, आकडे बऱ्याच अंशी तेच, पण ते उलगडणारी डिस्क पुन्हा कधीच उभी राहू शकत नाही. दुकानात जुना फोन देताना फोटो एकेक करून डिलीट करण्यापेक्षा हवं ते आधी कॉपी करून घ्यावं, गुगल खातं काढावं आणि फॅक्टरी रीसेट करावं. डिलीट केल्याने फक्त फाइली जातात, रीसेटने किल्ल्याच जातात.